हरित कचेरीतला माझा कप

कचेरीत माझं खरं काम कप जाळायचं. कागदोपत्री मी शिपाई, ते बी ठेकेदाराकडचा. दिवसभर चहा करायचा, कागदी कपात वाटायचा, आन् सांजच्याला ते सगळे कप गोळा करून मागच्या भिताडाजवळ पेटवून द्यायचे. शाळा मी दुसरीत सोडली. म्हणजे शाळेनंच मला सोडलं, मी आपला इज्जतीसाठी उलटं सांगतो. त्यामुळं झाडणं, जाळणं आन् साहेब हसले की हसणं, एवड्यावरच माझं पोट हाय. त्यातल्या त्यात हसण्यात मी पक्का. साहेबांचा जोक निम्म्यात असतो तवाच माझे दात बाहेर येतात.

कचेरी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याची. कोणती ते सांगत न्हाई, ठेकेदार मला काडून टाकील. आमचं घर जवळच्या एका गावात, गावाच्या कडंच्या वस्तीत. कडंच्या वस्तीत एवडं सांगितलं की आमच्याकडं माणूस पुढचं इचारत न्हाई. त्याला जात कळती.

तर कागदी कप. लय गरीब चीज. कोणी बी प्यावं, चुरगळावं, फेकावं. कोण कशात पिला हे मागं काहीच उरत न्हाई. मोठे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, त्यातच प्यायचे आन् मी बी त्यातच प्यायचो. ही केवडी मोठी गोष्ट हाय हे माझ्या टकुऱ्यात कधी आलं न्हाई. धूर डोळ्यात जातो म्हणून मी त्या कपाला रोज शिव्या घालायचो.

तोच धूर नव्या साहेबांच्या खिडकीत जायचा. साहेब तरणे, पुण्याकडचे, लय शिकलेले. एक दिवस खोकत खोकत बाहेर आले.

"हे काय पेटवलंस?"

"कप हायत साहेब. तुमचा बी हाय त्यात."

"अरे, ह्याला आतून प्लास्टिक असतं. विष आहे हे."

"म्हणूनच लांब जाळायलोय साहेब, भिताडापाशी."

साहेबांनी वर पाह्यलं. बरोबर वर त्यांची खिडकी. मला वाटलं, गेली नोकरी. पण साहेबांच्या डोक्यात दुसरंच काहीतरी पेटलं होतं. पुढं ते कुठल्या तरी मोठ्या हाटेलात ट्रेनिंगला गेले, आन् येताना एक कापडी पिशवी आन् 'हरित कचेरी' घेऊन आले.

पहिल्यांदा गेटवर फ्लेक्स लागला. ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत. त्यावर साहेब, बाजूला मोठे बाबू, मधी एक झाड, आन् खाली 'प्लास्टिकला नाही म्हणा'. फ्लेक्स कशाचा असतो ते मी कोणाला इचारलं न्हाई. पुढं वाऱ्यानं फाटल्यावर तो मीच घरी नेला. आता आमच्या शेळ्या त्याच्याखाली बसतात. पाण्याचा थेंब आत येत न्हाई, लय टिकाऊ प्लास्टिक हाय.

मंग दिवसा लाइट बंद झाली. मोठे बाबू मोबाइलची बत्ती लावून फायली पाहायला लागले. मंग भर उन्हाळ्यात दुपारचा कूलर बंद. इथला उन्हाळा ज्यानं काडला न्हाई त्याला काय सांगावं, टेबलाची काच हाताला चटका देती. साहेबांच्या केबिनीत एसी चालूच होता. हुकूम कूलरबद्दल होता, एसीबद्दल न्हवता.

आन् मंग ती मीटिंग. साहेब उभे राहून म्हणले, "उद्यापासून कागदी कप बंद. प्रत्येकानं घरून आपापला कप आणायचा. हॉलमध्ये एक फळी ठोकू, तिला खुंट्या. प्रत्येकाची एक खुंटी."

मी मागं ट्रे धरून उभा. माझं तोंड काही गप बसत न्हाई. "साहेब, मी बी आणू का?"

"का? तू ह्या कचेरीत नाहीस का? एक खुंटी तुझी."

सगळे हसले. सगळ्यात जोरात मी. पण खरं सांगतो, त्या दिवशी मी ते रिकामं भिताड दोनदा जाऊन पाह्यलं. त्या कचेरीत माझं म्हणावं असं काही न्हवतं. खुर्ची न्हाई, टेबल न्हाई, हजेरी बी ठेकेदाराच्या हातात. मी बसायचो ते स्टूल बी फ्यानला ऑइल घालायच्या माणसाचं, तो आला की मी उभा. आन् आता भिताडावर सगळ्यांच्या रांगीत माझी एक खुंटी. माझा हुरूप असा की जणू मला जमीनच भेटली.

देवगाव फाट्यावर एक कपबशाचं दुकान हाय. घरी येताना तिथं उतरलो.

"कसला दाखवू?" दुकानदार म्हणला.

"कचेरीत टांगायचाय."

"टांगायचाय का प्यायचाय?"

"दोन्ही."

त्यानं स्टीलचे काडले. मला पटंनात. वरच्या फळीवर एक पांढरा शुभ्र, चिनी मातीचा, मोठ्या पोटाचा होता. त्याच्यावर लाल गुलाब, कडंला सोनेरी रेघ.

"तो साहेबलोकांचा हाय," दुकानदार म्हणला. "कोण्या साहेबाला द्यायचा का?"

"मलाच."

त्यानं माझ्या चपलाकडं पाह्यलं, मंग कपाकडं पाह्यलं, आन् दोन पेपर जास्तीचे गुंडाळून दिला. फुटला तर माझं काय व्हईल ह्याची त्यालाच काळजी.

घरी मायनं पाह्यला. ऊसतोडीवर आयुष्य गेलेली बाई, तिला सामान हातात घेऊन तोलायची सवय. तिनं कप तोलला आन् म्हणली, "चहा प्यायचा का आंघोळ करायची ह्यात?"

कचेरी मीच उघडतो, म्हणून पहिल्या दिवशी पहिला कप माझाच लागला. दारातनं आत आलं की पहिली खुंटी, तिच्यावर गुलाब. मंग बाकीचे आले. मोठ्या बाबूचा कुठल्या तरी निरोप समारंभात मिळालेला, त्यावर दुसऱ्याच माणसाला शुभेच्छा. आवक-जावकच्या मॅडमचा झाकणाचा. बाकीचे स्टीलचे. माझ्या कपासमोर सगळे असे दिसायचे की लग्नात वाढपी उभे हायत. हे मी मनातच म्हणायला पाहिजे होतं. मी मोठ्यानं म्हणलो.

दुसऱ्या दिवशी माझा कप शेवटच्या खुंटीवर.

"बाबू, माझा कप सरकला का?"

"हाव, मीच ठेवला तिकडं," मोठे बाबू म्हणले. "लय जड हाय तुझा कप. पहिल्या खुंटीवर भार येतो. फळी म्हणजे लाकूड, लाकूड म्हणजे झाड. वाकली तर दुसरं झाड तोडावं लागंल. हरित कचेरी हाय आपली."

मला पटलं. मी त्या फळीची माफी मागितली असती, एवडं पटलं.

चार दिवस गेले न्हाई तर कप खिडकीत. "उन्हात आपोआप वाळतो," बाबू म्हणले, "फडकं लागत न्हाई. सूर्याची ऊर्जा." मी तर छाती फुगवून फिरलो. सगळ्या कचेरीत सोलरवर चालणारा कप माझ्या एकट्याचा.

मंग मॅडम म्हणल्या, "मामा, उद्यापासून आमचे कप आम्हीच धुऊ. तुम्हाला किती त्रास होतो."

बाकीचे बी म्हणले, हाव, आपलं काम आपण करावं. मी घरी जाऊन मायला सांगितलं, "माय, लोकं सुधारली. माझे हात दुखत्यात म्हणून स्वतः कप धुवायलेत."

माय ज्वारी निवडायली होती. तिनं वर पाह्यलं न्हाई. "हं," म्हणली, आन् एक खडा लांब फेकला.

आदी मी धुवायचो तवा घमेलंभर पाण्यात सगळे कप निघायचे. आता हे सगळे नळ पूर्ण सोडून आपापला एकेक कप घासायचे, आदी नळाची तोटी धुवायचे, मंग कप, मंग पुन्हा तोटी. ती तोटी मी धरलेली असायची ना. दुपारपर्यंत टाकी खडखडीत. टँकर बोलवावा लागला. साहेब हैराण. "आपण पाणी वाचवायलोय ना? मग जातंय कुठं?" साहेबांची भाषा बी आता आमच्यासारखी व्हायली होती.

मोठे बाबू गंभीर तोंड करून म्हणले, "येलदरी धरणातच साठा कमी हाय साहेब. आपण काय करणार."

चहा मात्र माझ्याच हातचा. तो उकळतो म्हणून चालत असंल.

आन् एक दिवस सकाळी कप खिडकीत बी न्हाई. हुडकला, हुडकला. संडासाच्या बाहेर भिताडाला एक खिळा हाय, तिथं फिनेलच्या बाटलीच्या वर, ब्रशाच्या शेजारी, गुलाब.

मी बाबूपाशी गेलो. "बाबू, तिथं कशाला?"

"नळ जवळ पडतो तुला. पाणी कमी सांडतं."

"पण बाबू, ब्रश हाय तिथं."

"मंग? ब्रश काय चहा पितो का तुझा?" बाबू म्हणले, आन् टेबलावरचे सगळे हसले. सवयीनं मी बी हसलो. हसत हसत बाहेर आलो आन् तवा मला कळलं. दुसऱ्या कोणाला पहिल्याच दिवशी कळलं असतं. मला खुंटी, खिडकी, नळ, एवडा प्रवास झाल्यावर कळलं, ते बी ब्रश मधी आला म्हणून. कोणी जात काडली न्हाई. शिकलेली माणसं हायत, कचेरीत जात काडत न्हाईत. त्यांनी पर्यावरण काडलं.

साहेबांना सांगावं म्हणलं. पण सांगणार काय? माझा कप जड हाय म्हणून फळी वाचवली, ह्याची तक्रार करू? साहेब तर बाबूची पाठ थोपटतील. मी गप बसलो. गप बसणं बी माझ्या कामातच येतं.

मंग वरून कमिटी येणार म्हणून कळलं, हरित कचेरी पाहायला. साहेबांनी हुकूम सोडला, "फळीवर सगळ्यांचे कप पाहिजेत. एक पण खुंटी रिकामी दिसता कामा नये." त्या दिवशी मी सकाळी आलो तर मोठे बाबू दुसऱ्या किल्लीनं कचेरी उघडून माझ्या आदी हजर. बाह्या वर करून नळाखाली माझा कप घासायलेत. स्वतःच्या हातानं. राखेनं घासला, साबणानं घासला, गरम पाण्यानं घासला. मी म्हणलो, "बाबू, गुलाब निघून जाईल." त्यांनी ऐकलं न्हाई. आन् कप पुन्हा पहिल्या खुंटीवर लागला. भाराचं, झाडाचं कोणी काही बोललं न्हाई.

कमिटीचे मोठे साहेब आले, फळी पाह्यली, मान डोलावली. मंग सगळे बसले आन् साहेब म्हणले, "चहा आण."

चहा उकळला. ओतायचा कशात? कागदी कप बंद. आपापले कप आपापल्या खुंटीवर. पाहुण्यांचा कप कोणाच्या डोक्यातच आला न्हवता. एवडा कारभार केला, झाडं वाचवली, फळी वाचवली, आन् आलेल्या माणसाला चहा द्यायला भांडं न्हाई. बाकीच्यांनी आपापले कप दिले, तोंड वाकडं करत. मोठ्या साहेबांना मात्र साजंल असा कप पाहिजे होता. आमच्या साहेबांनी फळीकडं पाह्यलं आन् बोट केलं. गुलाब.

मी बाबूकडं पाह्यलं. बाबू माझ्याकडं पाहायलेत. त्यांच्या तोंडात शब्द असा अडकला की पाणी द्यावं वाटलं.

मोठे साहेब पिले. पुरता पिले, मोठा घोट. "वा," म्हणले, "कप छान आहे. कोणाचा?"

मी तोंड उघडलं. बाबू म्हणले, "आपल्यासाठीच ठेवलाय साहेब."

कमिटी गेली. मी कप धुऊन पहिल्या खुंटीवर टांगायला गेलो, तर बाबूनं हातातनं घेतला. ह्या खेपी काही धुतलं बितलं न्हाई. साहेबांच्या केबिनीतल्या काचेच्या कपाटात ठेवून दिला, बक्षिसाच्या ढालीच्या बाजूला. "पाहुण्यांचा कप म्हणून असू दे," म्हणले. "मोठ्या साहेबांचं तोंड लागलंय त्याला. तू दुसरा घे."

म्हणजे कपाचं भलं झालं. त्याला कपाट भेटलं. राह्यलो मी.

माझं डोकं फिरलं. पण माझं डोकं फिरून बी काय, त्यातनं गंमतच बाहेर निघती. कचेरीच्या बाजूला मारुतीचं देऊळ हाय, तिथं नारळ फुटत्यात. एक करवंटी आणली, काचेच्या तुकड्यानं खरवडून गुळगुळीत केली, आन् भर हॉलमधी स्टुलावर बसून तिच्यात चहा ओतून फुर्रर फुर्रर आवाज करत प्यायला लागलो. म्हणलं, आता ह्यांना शरम वाटंल. बाबू मान खाली घालतील. मॅडम म्हणतील, मामा, असं नका करू.

शरमेचं सोडा. साहेब केबिनीतनं धावत आले. "अरे वा. हे तर सगळ्यात भारी. पूर्ण नैसर्गिक." मोबाइल काडला. "असंच धर. जरा हस."

आन् मी हसलो. सांगितलं ना, त्यात मी पक्का हाय.

फोटो जिल्ह्याच्या ग्रुपवर गेला. टाळ्यांची चित्रं आली. मोठे बाबू येऊन म्हणले, "मला बी एक करवंटी आण. पण घासू नको, मी घासतो." मॅडमनं इचारलं, "मामा, आयडिया कुठून सुचली?"

रविवारी मी मायला तो फोटो दाखवला. दाखवायचं काही कारण न्हवतं, पण माझा फोटो जिल्ह्यात फिरलाय हे कोणाला तरी सांगावं वाटलं. मायनं मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

"हे काय हाय हातात?"

"करवंटी. चहा पितोय. साहेब खूश झाले."

मायनं पदरानं मोबाइलची काच पुसली. मंग म्हणली, "आमच्या लहानपणी हाटेलात आमाला बी ह्यातच मिळायचा. वरून ओतायचे, लांबून. तवा कोणी फोटो काडला न्हाई."

मी म्हणलो, "माय, मी गंमत केली."

"हाव. दिसायलंय की. दात दिसायलेत तुझे." तिनं मोबाइल माझ्या मांडीवर टाकला. "कप कुठं हाय तुझा?"

"कपाटात."

"कोणाचा कप हाय तो?"

"माझा."

"मंग जा आन् घे. न्हाईतर घरी चहा मागू नको मला."

तिनं खरंच दिला न्हाई त्या दिवशी.

सोमवारी मी चहा उकळला, केबिनीत गेलो, कपाट उघडलं. साहेब मोबाइलवर होते. मी कप घेतला, बाहेर आलो, चहा ओतला, आन् हॉलच्या मधोमध उभा राहून पिलो. फुर्रर बी केलं न्हाई. साधा पिलो.

मोठे बाबू उठले. "आरं, तो पाहुण्यांचा हाय. ठेव तिथं."

"माझा हाय बाबू. देवगाव फाट्यावरनं आणलाय."

"ठेकेदाराला फोन लावू का?"

"लावा. काय सांगताल?"

बाबू थांबले. खरंच, काय सांगताल? शिपाई स्वतःच्या कपात चहा पितो म्हणून? मी त्यांच्याकडं पाहत राह्यलो. माझं हसू येईल म्हणून ते वाट पाहायले होते. मला बी वाटलं आता येईल. आलं न्हाई. दोगं बी अवघडलो.

बाबू केबिनीत गेले. दार उघडंच होतं. "साहेब, पाहुण्यांच्या कपात तो प्यायलाय."

"कप त्याचाच आहे ना?" साहेबांनी मोबाइलवरनं मान वर केली.

"हाव, पण…"

"मग?"

त्या 'मग'चं उत्तर बाबूपाशी होतं. पण ते मोठ्यानं बोलायसारखं न्हवतं. ते बाहेर येऊन आपल्या खुर्चीवर बसले आन् अंधारात फाइल वाचायला लागले, बत्ती लावायची बी विसरले.

मी कप धुतला, पुसला, आन् पहिल्या खुंटीवर टांगला.

ठेकेदाराचा फोन आला न्हाई. पण दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारची खुंटी रिकामी. मोठ्या बाबूचा कप घरी गेला. म्हणले, पोराला दूध प्यायला लागतो. पोरगा परभणीला बँकेत नोकरीला हाय त्यांचा. मंग मॅडमच्या कपाचं झाकण तुटलं. मंग एकाचा स्टीलचा कप आपोआप गळायला लागला. एकेक करून सगळे गेले. आन् मोठ्या बाबूनं बाजारातनं एक पुडकं आणून माझ्या गॅसजवळ ठेवलं, "फक्त पाहुण्यांसाठी हाय" म्हणून. कागदी कप. पाहुणे आमच्याकडं कधीमधी येतात. पुडकं रोज संपतं.

तर आता पुन्हा तेच चालू हाय. सांजच्याला मी कप गोळा करतो, मागं भिताडाजवळ पेटवतो. साहेबांची खिडकी बंद असती, आत एसी हाय. बाजूच्या दगडावर माझा गुलाब असतो, चहा भरलेला, आन् धूर त्याच्यावरनं जातो.

फळी अजून हाय. दारातनं आत आलं की पहिल्या खुंटीवर माझा कप, पुढं सगळ्या रिकाम्या. वरच्या कचेरीतनं अधनंमधनं फोटो मागवतात, योजना चालू हाय का म्हणून. साहेब फोटो काडतात. लांबून काडला तर रिकाम्या खुंट्या दिसतात, म्हणून लय जवळ जाऊन काडतात, एकट्या गुलाबाचा. मला म्हणतात, "जरा पुसून ठेव रे, डाग दिसतोय." मी पुसतो.